परतीच्या वाटेवरचा खाडा

गौरी-गणपतींचे विसर्जन आटोपले की कोकणातल्या घराघरांत पिशव्या बांधण्याची लगबग सुरू होते. नारळ, आमसुले, कुळथाचे पीठ यांनी फुगलेले ते सामान घेऊन चाकरमानी खेड, चिपळूण, कणकवली किंवा कुडाळच्या फलाटावर येऊन उभा राहतो, आणि ध्वनिक्षेपकावरून पहिली घोषणा कानी पडते ती गाडी उशिराने धावत असल्याची. तास, दोन तास, पुढे त्याचे चार तास होतात. उशीर जातानाही होतोच. पण तेव्हा फार तर सणाआधीची एक संध्याकाळ वाया जाते. येताना तेवढाच उशीर झाला तर दुसऱ्या दिवशीची हजेरी चुकते. ज्याच्या नावावर रजा शिल्लक असते तो साहेबाला दूरध्वनी करून मोकळा होतो. ज्याचा पगारच दिवसावर आहे, त्याच्या वाट्याला येतो तो सरळ खाडा.

परतीची गर्दी अधिक जाचक ठरण्याचे कारण साधे आहे. गावी जाणारे एकाच दिवशी निघत नाहीत. कोणी चार दिवस आधी घर झाडायला जातो, कोणी आदल्या रात्री, तर कोणी रजा न मिळाल्याने गौरी आणण्याच्या दिवशी पोहोचतो. परत फिरताना मात्र सगळ्यांचे घड्याळ एक होते. गौरी-गणपती पाठवल्याखेरीज घर सोडता येत नाही आणि विसर्जनानंतर शहरातली नोकरी थांबत नाही. आठवडाभरात गेलेली माणसे दोन-तीन रात्रींत परत आणायची असतात. जादा गाड्या जाहीर होतात, एसटीच्या बसगाड्या सुटतात, पथकरात सवलत मिळते, अवजड वाहनांना काही काळ महामार्गावर बंदी होते आणि ही बंदी परतीच्या दिवसांसाठीही असते. सरकार काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु हा सारा हिशेब फेऱ्यांच्या संख्येचा असतो. त्या फेऱ्या वेळेवर पोहोचल्या की नाही, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

आणि इथेच कोकण रेल्वेची खरी अडचण आहे. रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ साली पूर्णपणे खुला झाला. त्यातला रोहा ते वीर हा ४६ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला आणि २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरणही पार पडले. डिझेलचा धूर गेला, मात्र वीरच्या पुढे वाट बहुतांशी एकेरीच राहिली. एकेरी मार्गावर समोरून येणारी गाडी स्थानकात शिरेपर्यंत दुसरीला तिथेच थांबून राहावे लागते. म्हणजे एका गाडीचा अर्धा तास तिच्यापुरता राहत नाही. तो समोरच्या गाडीला, तिच्याकडून मागच्या गाडीला मिळतो. त्यात उत्सवासाठी सोडलेल्या विशेष गाड्या मूळ वेळापत्रकात कशाबशा बसवलेल्या. नियमित आणि वेगवान गाड्यांना वाट देता देता त्या बाजूच्या मार्गावर ताटकळतात. शिवाय मुंबईहून उशिरा आलेला डब्यांचा संचच परतीला निघणार असेल, तर गाडी सुटण्याआधीच उशीर ठरलेला असतो. ज्या मार्गाची क्षमता संपत आली आहे, त्यावर आणखी गाड्या घालणे म्हणजे आसने वाढवून वेळ कमी करणे. प्रवाशाला यातले पहिले सांगितले जाते, दुसरे फलाटावर कळते.

सर्वच उशिराला दोष देता येत नाही. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीवर आदळून रुळांवरून घसरलेली गाडी कारवारहून मुंबईकडे येणारी, उन्हाळी सुट्टीची विशेष गाडीच होती. पन्नासहून अधिक माणसे त्या रात्री घरी पोहोचली नाहीत. आज पावसाळ्यात या मार्गावर वेगळे वेळापत्रक असते आणि मुसळधार पावसात समोरचे नीट दिसेनासे झाल्यास वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणला जातो, त्यामागे हा इतिहास आहे. जुलै २०२४ मध्ये विन्हेरे आणि दिवाणखवटी यांच्या दरम्यान दरड कोसळली, तेव्हा वाहतूक बंद ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. तो उशीर जीव वाचवणारा असतो आणि प्रवासी त्याबद्दल कुरकुरतही नाही. त्याची तक्रार आहे ती कारण न सांगता लादलेल्या उशिराबद्दल.

रस्त्याने यावे, तर तिथली कथा सर्वांना पाठ आहे. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले; त्यानंतरच्या दशकभराहून अधिक काळात मुदती येत गेल्या आणि गणपतीही. सप्टेंबर २०२३ मध्ये कशेडीच्या दोन बोगद्यांपैकी एक उत्सवाच्या तोंडावर हलक्या वाहनांसाठी उघडला. घाट चुकला, पण पुढच्या बाजारपेठेतली कोंडी चुकत नाही.

मग या बुडालेल्या वेळेची किंमत कोणी मोजायची? रेल्वेचा नियम असा, की गाडीला तीन तासांहून अधिक उशीर झाला आणि प्रवाशाने प्रवास केलाच नाही, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. त्यासाठीचा अर्ज गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी करावा लागतो. कागदावर नियम उदार आहे. परंतु विसर्जनानंतर कणकवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या कुटुंबाने तिकीट परत करून करायचे काय? पुढची गाडी भरलेली, बसगाडी भरलेली. जो सहा तास थांबून त्याच गाडीने येतो, त्याला काहीच मिळत नाही. युरोपीय संघात गाडीला तासाभराचा उशीर झाल्यास भाड्याच्या पाव आणि दोन तासांच्या पुढे निम्म्या रकमेची भरपाई हा सर्वसाधारण नियम आहे. तिथेही नैसर्गिक आपत्तीचा अपवाद आता मान्य आहे. आपल्याकडे हा प्रयोग झालाच नाही असे नाही. रेल्वेच्याच एका कंपनीने चालवलेल्या ‘तेजस’ गाड्यांत २०१९ पासून एक तासाला १०० आणि दोन तासांहून अधिक उशिराला २५० रुपये दिले जात. २०२४ मध्ये ती योजना बंद झाली.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिलेला निकाल या संदर्भात महत्त्वाचा आहे. जम्मूला जाणारी गाडी चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले आणि टॅक्सीचा भुर्दंड पडला. उशिराचे कारण आपल्या नियंत्रणाबाहेरचे होते हे रेल्वेने सिद्ध केले नाही, तर ती भरपाई द्यायला बांधील आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे दरड कोसळली असेल तर रेल्वे सुटते. विशेष गाडी तीन क्रॉसिंगला रखडली असेल तर तिला उत्तर द्यावे लागेल. पण त्यासाठी ग्राहक मंचाची पायरी चढणार कोण? एका दिवसाचा पगार बुडाला म्हणून आणखी चार दिवस बुडवण्याची ऐपत खाडा पडणाऱ्याकडे नसते. उशिराची कारणे गाडीगणिक जाहीर करणे रेल्वेला अवघड नाही, कारण त्यांची नोंद तिच्याकडे असतेच. तेवढे झाले तरी भरपाईच्या मागणीला आधार मिळेल.

तोवर प्रवासी आपापल्या परीने मार्ग काढतोच. जाणते लोक एक दिवस हाताशी ठेवून निघतात; गावात मोठा भाऊ मागे राहतो, मुलाबाळांना घेऊन धाकटा आधी परततो. ज्यांना पुढे दुसरी गाडी पकडायची असते, ते दोन्ही तिकिटे जोडून घेतात. २०१९ पासून पहिली गाडी रखडून दुसरी चुकल्यास न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात. हा नियम फारसा कोणाला ठाऊक नाही. लोकलला मात्र यातले काहीच लागू पडत नाही. रात्री दीडला पनवेल किंवा ठाण्याला उतरलेले कुटुंब सामानावर डोके टेकून पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट पाहते, आणि त्यातला एक जण तिथूनच थेट सकाळच्या पाळीला जातो.