गोदामातील हातगाडी आणि मालाचा ठावठिकाणा

गोदामाचा विषय निघाला म्हणजे छप्पर, ओल, उंदीर व कीड यांची चर्चा होते. काट्यापासून थप्पीपर्यंत माल वाहून नेणाऱ्या हातगाडीचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. वजन झाल्याची नोंद काट्यावर होते. माल लागल्याची नोंद थप्पीच्या पत्रकावर होते. या दोन नोंदींच्या मधल्या वेळात शेतकऱ्याचा माल हातगाडीवर असतो आणि तेवढा वेळ तो कोणत्याही कागदावर नसतो. ही वाट पन्नास पावलांची असली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

निम्न तेरणा धरणाच्या काठचे माकणी व त्याभोवतीचा लोहारा तालुक्याचा मुलूख खरिपात सोयाबीन आणि तूर, तर रब्बीत ज्वारी आणि हरभरा पिकवितो. सुगीच्या दिवसांत एकेका गोदामाच्या दारी अनेक शेतकऱ्यांचा माल एकाच वेळी येतो. पोती सारखी, वजन सारखे, रंगही सारखा. पन्नास किलोंची चार पोती घेतलेली एक गाडी म्हणजे दोन क्विंटल सोयाबीन. २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेल्या क्विंटलला ५,३२८ रुपये या हमीभावाने तिची किंमत १०,६५६ रुपये होते. एवढी रक्कम आपण कोणाच्या हाती नोंदीवाचून देऊ काय?

चोरीचे भय मी येथे मुख्य मानीत नाही. चोरी क्वचित होते. सरमिसळ मात्र नित्य होण्याजोगी आहे. गाडीवाला चहास जातो, गाडी खांबाआड उभी राहते, दुसरा येऊन ती जवळच्या थप्पीस रिकामी करतो. सायंकाळी एकूण पोत्यांचा मेळ बसतो, म्हणून सारे समाधानी असतात; परंतु कोणाचे पोते कोठे गेले हे त्या मेळातून कळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तिचा मोठा तडाखा धाराशिव जिल्ह्यासही बसला. अशा वर्षी भिजून वाळविलेला सोयाबीन आणि चांगला वाळलेला सोयाबीन एकाच दिवशी गोदामात येऊ शकतो. ओलसर मालाची एक गाडी बारा टक्क्यांच्या आतील ओलाव्याच्या थप्पीत शिरली, तर तेथे बुरशी धरते आणि ज्याने आपला माल उन्हात चार दिवस राखला त्याचे नुकसान होते.

बियाण्याच्या बाबतीत चूक अधिक महाग पडते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. या दाण्याचे आवरण पातळ असल्याने पोते आपटले तरी उगवण घटते. म्हणूनच बियाण्याकरिता हातगाडी उपयुक्त ठरते. परंतु एका वाणाचे पोते दुसऱ्या वाणाच्या ढिगात गेले, तर पेरणीनंतर शेतात फुलोरा येईपर्यंत कोणास पत्ताही लागत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. औषध चोळलेले बियाणे ज्या गाडीवर सांडले, तिच्यावर पुढे खाण्याची डाळ नेता कामा नये. तेव्हा गाडी आता कोठे आहे एवढेच कळून भागत नाही; ती आधी कोठे होती आणि तिच्यावर काय होते, हेही कळले पाहिजे. कीड लागलेल्या तुरीच्या थप्पीवरून आलेली गाडी झाडून स्वच्छ केल्यावाचून नव्या तुरीकडे नेणे म्हणजे भुंगेऱ्यास वाहन पुरविणे होय.

धुरीच्या वेळी तर हा प्रश्न माणसाच्या जिवाचा होतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडपासून निघणारा वायू प्राणघातक आहे. धुरी चालू असलेल्या दालनात गाडी राहून गेली असेल आणि ती शोधण्यास कोणी दार उघडून आत गेला, तर काय ओढवेल हे सांगावयास नको. दालन बंद करण्यापूर्वी सर्व गाड्यांची मोजणी झालीच पाहिजे.

हल्ली यावर यंत्रांची योजना सुचविली जाते. यंत्रांविषयी माझा विरोध नाही; परंतु ती काय सांगतात हे समजून घ्यावे. मोबाइलमधील जीपीएस उपग्रहांच्या संदेशावर चालते. पत्र्याच्या छपराखाली तो संदेश नीट पोहोचत नाही, त्यामुळे एका थप्पीचा दुसरीपासून भेद करण्यास ते निरुपयोगी आहे. आरएफआयडीच्या साध्या चकतीस विजेची गरज नसते, पण दारावरील वाचक यंत्र केवळ गाडी दारातून गेली एवढेच नोंदविते. ती आत कोठे थांबली हे त्यास ठाऊक नसते. शिवाय लोखंडी गाडीवर साधी चकती चिकटविली तर ती नीट वाचली जात नाही. ब्लूटूथची खूण काही मीटरांच्या अंतराने जागा दाखविते, परंतु तिची बॅटरी कोणी तरी बदलावी लागते आणि हातगाडीस स्वतःची वीज नसते. अनेक दारांच्या व शेकडो गाड्यांच्या शहरी गोदामांस हा खर्च परवडेल. पाच-सात गाड्यांच्या ग्रामीण गोदामाने प्रथम रंगाचा डबा आणावा.

मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण यासाठी पाहण्याजोगे आहे. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या व्यवसायात डब्याच्या झाकणावर रंगवलेल्या खुणांवरून डबा कोठे उतरावयाचा व कोठे पोचवावयाचा हे हाताळणाऱ्यास कळते. पत्ता वस्तूबरोबरच चालतो.

त्याच रीतीने प्रत्येक गाडीवर ठळक क्रमांक घालावा आणि गोदामातील प्रत्येक थप्पीच्या जागेस अक्षर द्यावे. काट्याजवळ एक फळी लावून तिच्यावर त्या अक्षरांचे खिळे ठोकावेत व प्रत्येक गाडीचा पत्र्याचा बिल्ला करावा. भरलेली गाडी काट्यावरून निघाली की तिचा बिल्ला ज्या थप्पीकडे ती जाणार तिच्या खिळ्यावर अडकवावा. गाडीबरोबर शेतकऱ्याचे नाव, वजन, ओलावा व वाण यांची चिठ्ठी जावी. थप्पीवर चिठ्ठी उतरून घेऊन परत आली म्हणजेच बिल्ला "रिकामी" या खिळ्यावर यावा. पाव तासाहून अधिक वेळ थप्पीच्या खिळ्यावर राहिलेला बिल्ला गोदामपालास आपोआप प्रश्न विचारतो. गाडीने शेवटी काय वाहिले, ते बिल्ल्याच्या पाठीवर खडूने लिहावे. "गाड्या तर डोळ्यांसमोरच असतात," असे काही गोदामपाल म्हणतात. थप्प्या छपराला भिडल्या म्हणजे डोळ्यांसमोर काहीच नसते.

एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. ही नोंद गाडीची असावी, हमालाची नव्हे. हमाल बांधवांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्यांच्यावर पाळत ठेवण्याचे साधन म्हणून बिल्ल्याचा उपयोग झाला, तर बिल्ले हरवू लागतील, आणि त्यात आश्चर्य ते काय! उलट, पोत्यामागे मजुरी घेणाऱ्या माणसाचा गाडी शोधण्यात जाणारा वेळ वाचतो हे त्यास प्रथम पटवून द्यावे.

गोदामाच्या पावतीवर आज कर्ज मिळते. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत, जी १९९०-९१ पासून चालू आहे, सोयाबीन व तुरीसारख्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने उचलता येते. ती पावती ज्या मालाची आहे तोच माल थप्पीत असावा, अशी मागणी करण्याचा शेतकऱ्यास पूर्ण अधिकार आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गोदामास भेट देताना मालाची वही पाहण्यापूर्वी कोणत्याही एका भरलेल्या गाडीकडे बोट दाखवून "ही कोणाची?" असे विचारावे. नवी तूर येण्यापूर्वी फळी व बिल्ले तयार करून घ्यावेत. गावातील पत्राकाम करणारा कारागीर ते एका दिवसात करून देतो. दुरुस्तीस गेलेल्या गाडीसाठी एक खिळा निराळा ठेवण्यास विसरू नये.