भिंतीपलीकडे काय आहे?

आग दिसली की पाणी ओतावे, उग्र वास आला की पळत सुटावे, कोणी कोसळला की धावत जाऊन त्याला उचलावे. संकटाच्या क्षणी माणूस हे सारे सहजप्रेरणेने करतो, आणि एरवी ते योग्यही असते. रसायनांच्या बाबतीत मात्र हीच सहजप्रेरणा अनेकदा घात करते. कढईतील पेटलेल्या तेलावर पाणी टाकले तर तेल उसळते आणि आग पसरते. वेल्डिंगच्या कामात वापरल्या जाणाऱ्या कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले तर ॲसिटिलीन हा चटकन पेट घेणारा वायू तयार होतो. वायुगळतीच्या वेळी वाऱ्याच्या दिशेने धावणारा माणूस विषारी वायूच्या सोबतीनेच धावत असतो. मैल्याच्या टाकीत उतरलेला एक कामगार बेशुद्ध पडतो, त्याला वाचवण्यासाठी दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा उतरतो आणि एकापाठोपाठ एक सारे जीव जातात. अशी बातमी वर्तमानपत्रात आपण कितीदा वाचतो! टाकीत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास असतो. परंतु त्याचे प्रमाण फार वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येत नाही म्हणून धोका टळला, असे उतरणाऱ्याला वाटते.

या माणसांच्या अंगी धैर्य नव्हते असे कोण म्हणेल? त्यांना हवी होती ती थोडीशी माहिती, आणि तीही वेळेआधी. अशी माहिती कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या, रसायने हाताळणाऱ्या, ती वाहून नेणाऱ्या प्रत्येक माणसाला त्याच्या भाषेत मिळाली पाहिजे, आणि ती मिळणे हा त्याचा हक्क मानला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मांडताना भोपाळपासून सुरुवात करण्याला पर्याय नाही.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र उलटून ३ डिसेंबर उजाडण्यापूर्वी भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू बाहेर पडला. सुमारे चाळीस टन रसायन असलेल्या टाकीत पाणी शिरले, आतील तापमान आणि दाब वाढत गेला आणि वायूला वाट मिळाली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. बाहेर पडणारा वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी निकामी होता. वायू धुऊन निर्विष करणारी यंत्रणाही त्या रात्री उपयोगी पडली नाही. यंत्रांच्या या अपयशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इथे त्या रात्रीच्या माहितीच्या अपयशाविषयी बोलायचे आहे.

वस्तीला सावध करणारा भोंगा थोडा वेळ वाजून बंद करण्यात आला. तो पुन्हा वाजला तेव्हा जयप्रकाशनगर, काझी कॅम्प, छोला या वस्त्यांमध्ये वायू शिरून बराच वेळ झाला होता. झोपेतून उठलेल्या लोकांना डोळ्यांत आणि घशात आग होत असल्याचे तेवढे कळले. ते पळाले. ज्या दिशेला सारे पळत होते त्या दिशेला पळाले. धावताना श्वास जोरात चालतो आणि छातीत अधिक वायू जातो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत राहत होता, म्हणून लहान मुलांना त्याचा तडाखा अधिक बसला. ज्यांनी ओले फडके तोंडावर धरले किंवा दारे-खिडक्या घट्ट बंद करून घरातच थांबण्याची बुद्धी ज्यांना सुचली, त्यांच्या वाचण्याची शक्यता अधिक होती. त्या रात्री पाळीवर असलेले बहुतेक कामगार वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघून गेले आणि बचावले. भिंतीच्या आतल्या माणसांना वारा कुठून वाहतो ते पाहायचे असते हे ठाऊक होते. भिंतीबाहेरच्यांना ते कोणी कधी सांगितलेच नव्हते.

हमीदिया रुग्णालयात रुग्णांची रीघ लागली तेव्हा तेथील डॉक्टरांचीही तीच स्थिती होती. समोरच्या माणसाला कोणत्या विषाची बाधा झाली आहे आणि तिच्यावर उतारा काय, हे त्यांना निश्चित माहीत नव्हते. डोळे धुणे, थेंब घालणे, प्राणवायू देणे एवढेच त्यांच्या हाती राहिले. मिथाइल आयसोसायनेट हे नावही शहरातील अनेकांनी तेव्हाच प्रथम ऐकले. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून या कारखान्यातील धोक्यांविषयी सातत्याने लिहिले होते, पण त्यांचे लिखाण कोणी गांभीर्याने घेतले नाही. त्याच रात्री भोपाळ रेल्वे स्थानकावर उपअधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी प्रवाशांनी भरलेली गाडी ठरलेल्या वेळेआधीच पुढे काढली. वायूचे नाव त्यांनाही माहीत नव्हते. मात्र गाडी थांबवणे म्हणजे माणसे मरू देणे, एवढे त्यांनी ओळखले आणि वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहिली नाही. त्या वायूचे दुष्परिणाम त्यांनी पुढे आयुष्यभर भोगले. सरकारी आकडेवारीप्रमाणेच मृतांची संख्या काही हजारांत आणि बाधितांची साडेपाच लाखांवर जाते.

अज्ञानाचा बळी केवळ सामान्य नागरिकच ठरतो असेही नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकेही होती. अग्निशामक दलाचे जवान दुपारभर पाणी मारत राहिले आणि सायंकाळी चारच्या सुमारास जहाज फुटले. त्यात ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. स्फोटकांनी भरलेले जहाज आपण विझवत राहावे की सोडून द्यावे, बंदर रिकामे करावे की नाही, हा निर्णय त्या दुपारी कोणी वेळेत घेतला नाही.

भोपाळनंतर कायदे झाले, हे मान्य केले पाहिजे. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्याच्या मालकाने कामगारांना, स्थानिक प्रशासनाला आणि परिसरातील जनतेला धोक्यांची माहिती दिली पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी एक पाऊल पुढे टाकले. अपघात झाल्यास काय करावे आणि काय करू नये, हे भिंतीबाहेरच्या माणसांना आधीच कळवावे, असे त्यांत नमूद आहे. १९९६ च्या नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्ती गट नेमण्याची तरतूद केली. स्थानिक गटाने दर महिन्याला बैठक घ्यावी आणि दर सहा महिन्यांनी अपघाताची पूर्ण रंगीत तालीम करावी, असेही त्यांत लिहिलेले आहे. कागदावर आपला देश या बाबतीत मुळीच मागे नाही.

आणि तरीही ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळच्या आर. आर. वेंकटापुरम गावात काय घडले? टाळेबंदीमुळे बंद असलेल्या एल. जी. पॉलिमर्स या कारखान्याच्या टाकीतील स्टायरीन तापत गेले आणि त्याची वाफ झोपलेल्या गावात शिरली. बारा माणसे मरण पावली. जागे झालेले लोक रस्त्यावर धावले आणि धावता धावता कोसळले. ती दृश्ये साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. धोक्याचा भोंगा वाजवण्याची सोय असूनही तो वाजवला गेला नाही, असे चौकशी समितीने नोंदवले. भोपाळला छत्तीस वर्षे होत आली होती.

महाराष्ट्रातील वाचकांना डोंबिवलीची आठवण होईल. तेथील औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळा माणसे दगावली आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. प्रत्येक वेळी कारखाना आधी आला की वस्ती आधी आली, हा वाद रंगतो. तो नगररचनेच्या दृष्टीने महत्त्वाचा असेल. पण आज रात्री त्या घरात झोपणाऱ्या मुलाला त्याच्या उत्तराचा काय उपयोग?

लोकांना धोक्याची माहिती देण्यास विरोध करणारे सहसा म्हणतात की त्यामुळे घबराट पसरेल. हा युक्तिवाद वरकरणी शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्षात घबराट माजते ती काहीच ठाऊक नसते तेव्हा. भूकंपप्रवण जपानमध्ये शाळकरी मुले नियमित सराव करतात, म्हणून तेथील मुले भेदरलेली असतात असे कोणी म्हणत नाही. दुसरा युक्तिवाद व्यापारी गुपिताचा. उत्पादनाची कृती गुप्त ठेवावी, जरूर ठेवावी. परंतु गळती झाली तर डोळे कशाने धुवावेत आणि कोणत्या दिशेला जावे, यात कोणते गुपित फुटते? तिसरा युक्तिवाद उघडपणे कोणी बोलत नाही, पण तो सर्वांत खोल रुजलेला आहे. वस्तीतल्या अल्पशिक्षित माणसांना हे काय कळणार, असा तो आहे. ज्यांच्या हातून रोज पिंपे उतरवून घेतली जातात, त्यांच्याविषयी असे म्हणणे हा त्यांचा अपमान आहे.

माहिती दिल्याचे नुसते दाखवणेही पुरेसे नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना कीटकनाशकांची बाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर सूचना छापलेल्या असतात. त्या इतक्या बारीक अक्षरांत असतात की चष्मा लावणाऱ्यालाही वाचता येऊ नयेत. डब्यावरील चौकोनातील रंग मात्र न वाचताही कळतो. लाल रंग म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी विषारी तो हिरवा. हे रंग दुकानदाराने विक्रीच्या वेळी बोट ठेवून समजावून द्यावेत, अशी अपेक्षा फार मोठी नाही.

रस्त्यावरून धावणाऱ्या टँकरचेही तसेच. धोकादायक रसायन वाहणाऱ्या टँकरवर एक फलक असतो आणि त्यावर चार आकडी क्रमांक असतो. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा वायू, १२०३ म्हणजे पेट्रोल. टँकर उलटला असता दुरूनच हा क्रमांक वाचून ११२ वर कळवता आला, तर येणारे पथक योग्य साधने घेऊन निघते. आपल्याकडे मात्र उलटलेल्या टँकरभोवती बादल्या आणि डबे घेऊन गर्दी जमते. जून २०१७ मध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ अशाच गर्दीत पेट्रोलने पेट घेतला आणि दोनशेहून अधिक माणसे जळून मेली. गरिबीने त्यांना तिथे नेले हे खरे, आणि पेट्रोलची वाफ दिसत नसली तरी जमिनीवरून पसरत जाते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, हेही खरे.

सांगण्यासारख्या गोष्टी फार नाहीत. अंगावर आम्ल सांडले तर कपडे काढून तो भाग वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धरावा, सोडा वगैरे चोळू नये. आम्ल किंवा रॉकेल पोटात गेलेल्याला उलटी करायला लावू नये, कारण वर येताना ते अन्ननलिका आणि फुप्फुसे अधिक जाळते. संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केल्यास न्हाणीघरातच क्लोरीन तयार होतो. बाहेर वायू पसरला असेल आणि वाट मोकळी नसेल तर दारे-खिडक्या बंद कराव्यात, फटींत ओली फडकी कोंबावीत, पंखे आणि कूलर बंद करावेत. बाहेर पडायचेच झाले तर झाडाची पाने किंवा दोरीवरचे कपडे कुठे हलतात ते पाहून वाऱ्याला आडवे जावे. ओले फडके क्लोरीन किंवा अमोनियापासून थोडा वेळ थोडे संरक्षण देते. स्टायरीनसारखे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, तिथे त्याचा तितका उपयोग नाही. म्हणूनच भिंतीपलीकडे नेमके काय आहे, हे आधी ठाऊक असावे लागते. सर्व रसायनांना लागू पडणारा एकच उपाय नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नागरिकांना माहिती दिली म्हणून कारखानदाराची किंवा शासनाची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. ओले फडके हे बंद पडलेल्या शीतकरण यंत्राला पर्याय ठरू शकत नाही. ‘लोकांनीच काळजी घ्यायला हवी होती’ असे म्हणण्याची सोय कोणालाही मिळता कामा नये.

भोपाळच्या कारखान्यात चाळीस वर्षे पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये बंद वाहनांतून मध्य प्रदेशातील पीथमपूरला नेण्यात आला आणि जूनअखेरीस तो जाळून संपवण्यात आला. तो येणार हे कळताच पीथमपूरचे लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्यांच्या विरोधाला अडाणी भीती म्हणून हिणवणारेही भेटले. या पेट्यांमध्ये काय आहे, तो जळताना धुराड्यातून काय बाहेर पडेल आणि उरलेली राख कुठे पुरणार, हे त्या लोकांना जाणून घ्यायचे होते.