जुन्या ट्रकच्या डिस्कला पॉलिश करा, पण तडा गेला तर वेल्डिंग नको

कोल्हापूर : गळीत हंगाम संपला की उसाचे ट्रक दारात लागतात आणि पाटे, ब्रेक, बॉडीची कामं निघतात. बहुतेक जुन्या गाड्यांना लोखंडी डिस्क असतात. पण काही मालकांनी वजन कमी व्हावं म्हणून ॲल्युमिनियमच्या डिस्क बसवल्यात. चिखल, पाऊस आणि ब्रेकच्या धुळीनं त्या काळवंडतात. मग प्रश्न पडतो, घासून घ्यायच्या की बदलायच्या?

जुनी गाडी ठेवणं आता महाग होत चाललंय. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू ट्रकवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. दुसरीकडे नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रानं 20 वर्षांवरील जड वाहनाची फिटनेस फी 25 हजार रुपये केली. सरकारचा रोख स्पष्ट आहे, जुनी गाडी काढा. पण फक्त हंगामावर पोट असलेल्याला नव्या ट्रकचा हप्ता बाराही महिने झेपत नाही. त्यामुळं जुन्याच गाडीवर खर्च होणार. तो नेमका कुठं करायचा, हे महत्त्वाचं.

नुसता काळेपणा आणि बारीक ओरखडे असतील तर डिस्क हमखास सुधारते. आधी साबणाच्या पाण्यानं धुवायची. ॲसिड वापरलं तर धातूवर डाग पडतात. मग 400 नंबरच्या पाणी-पेपरपासून सुरू करून 600, 1000, 1500 असं चढत जायचं आणि शेवटी कापडी चाकावर बफिंग करायचं. शिवाजी उद्यमनगरात किंवा चांदीच्या हुपरीत बफिंग काही नवीन नाही.

पण पॉलिशनं ताकद येत नाही. टायर उतरवून नटाच्या भोकांभोवती, हवेच्या भोकांजवळ आणि टायर बसतो त्या कडेला तडा आहे का, ते बघावं लागतं. हे बफिंगच्या आधी बघायचं, कारण चकाकीत बारीक तडा झाकला जातो. नट ढिले करण्याआधी जोडचाकांतल्या दोन्ही टायरची हवा पूर्ण काढायची.

तडा दिसला की डिस्क बाद. इथंच बरेच जण वेल्डिंगचा स्वस्त मार्ग धरतात. ॲल्युमिनियमच्या डिस्कला कारखान्यात उष्णता देऊन मजबुती आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेनं ती जाते, वरून मात्र काही कळत नाही. टायर पेटल्यानं तापलेली डिस्कही याच कारणानं बाद समजायची. भरल्या गाडीनं करूळ किंवा आंबा घाट उतरताना अशी डिस्क फुटली, तर सावरायला वेळच मिळत नाही.

लोखंडी काढून ॲल्युमिनियमची बसवणाऱ्यांनी बोल्टची लांबी तपासावी. ॲल्युमिनियमची डिस्क जाड असते, जुन्या बोल्टवर नट पुरेसा बसत नाही. चाक बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनं नट टॉर्क पान्यानं पुन्हा आवळावेत.

बाद डिस्क भंगारात किलोवर जाते आणि ॲल्युमिनियमला लोखंडापेक्षा भाव जास्त मिळतो. म्हणजे सगळा पैसा बुडत नाही. फक्त देताना ती कापून द्यावी, नाहीतर तीच डिस्क पॉलिश होऊन दुसऱ्याच्या गाडीला लागते.