शालूची वाटणी

ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणच्या जुन्या पेठांत आणि डोंबिवली पूर्वेच्या गल्ल्यांत जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. जागा रिकामी करण्याचा दिवस ठरला की घराघरांतून चाळीस-पन्नास वर्षे न हललेली लोखंडी कपाटे रिती होऊ लागतात. वरच्या खणातील कागदपत्रे व दागिने आधी हलतात, भांड्यांची खोकी बांधली जातात, आणि अगदी शेवटी सर्वांत खालच्या खणातून एक गाठोडे बाहेर येते. त्यात आजीचा घरचोळा असतो, आईचे पानेतर असते, एखाद्या घरी बनारसी शालू किंवा पैठणी असते. उलगडून पाहावे तर घडीच्या रेषेवर रेशीम चिरलेले, जर काळवंडलेली. नेसता येणार नाही आणि टाकवतही नाही, अशा त्या वस्त्राचे करायचे काय, हा प्रश्न नेमका सामान नेणारा टेम्पो दारात उभा असताना पुढे येतो. घाईत घेतलेला निर्णय बहुधा चुकतो, म्हणून त्याचा विचार निवांतपणे आधीच व्हावयास हवा.

व्यापारी घराला वस्तूचे मोल चटकन कळते. जुनी जर विकत घेणारे दारावर येतात, साडी तोलतात आणि त्यातील चांदीचा अंदाज बांधून भाव सांगतात. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची बारीक तार, तिच्यावर सोन्याचा मुलामा. साडी जाळून ती चांदी काढून घेतली जाते. नंतरच्या काळातील पुष्कळ साड्यांत तांब्याच्या तारेची जर असते आणि अलीकडच्या साड्यांत तर धातूचा लेप दिलेली प्लॅस्टिकची पट्टी असते. त्यांना जरीचा भावही येत नाही, त्या बोहारणीकडे जाऊन त्यांच्या बदल्यात स्टीलचे एखादे पातेले घरात येते. हा व्यवहार हिशेबाला बरोबर असेलही. परंतु ज्या वस्त्रात एका मुलीने माहेरचा उंबरठा ओलांडला, त्या वस्त्राची किंमत तागडीत उतरत नाही.

याहून नाजूक प्रश्न वाटणीचा आहे. एकत्र कुटुंब विभक्त होते तेव्हा दुकान, गाळा, सदनिका, सोने-चांदी यांची यादी होते. वडीलधाऱ्यांसमोर चिठ्ठ्या टाकल्या जातात. आईच्या लग्नाची साडी त्या यादीत कधीच नसते. ती जिच्या कपाटात असेल तिची होते. ज्या लेकीने ती साडी आईच्या अंगावर पाहिली, जिने तिच्या पदराला तोंड पुसले, ती परगावी असते, आणि मागायचे तर शब्द सापडत नाहीत. भावाभावांत पैशावरून झालेला वाद कालांतराने मिटतो, पण अशी न बोललेली खंत वर्षानुवर्षे राहते. अखंड साडी चौघांत वाटता येत नाही; विचारपूर्वक कापून शिवलेली साडी मात्र चारही घरी पोहोचते. जुन्या लग्नवस्त्रापासून घरच्यांसाठी आठवणीच्या वस्तू शिवण्याचे खरे प्रयोजन हेच आहे.

कापणे म्हणजे अनादर, असे अनेक वडील स्त्रियांना वाटते आणि ती भावना समजण्यासारखी आहे. पण कपाटात ठेवल्याने वस्त्र टिकते, हा समज मात्र खरा नाही. खाडीकाठच्या ठाण्यात आणि उल्हास नदीच्या कुशीतील कल्याणात पावसाळ्याचे चार महिने हवेत ओल असते. त्या ओलीने जर काळी पडते, रेशमावर बुरशीचे ठिपके येतात. जरीचा जड काठ एकाच घडीवर वर्षानुवर्षे दुमडलेला राहिला की घडीखालचे रेशीम तुटते. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, पण जर खराब होते. म्हणजे अनेक घरांत साडी जपली जात आहे असे वाटत असताना ती प्रत्यक्षात संपत असते.

जुन्या वस्त्राला नवे रूप देणे आपल्या मातीला परके नाही. महाराष्ट्रातील गोधडी, जिला देशावर वाकळ म्हणतात, ती आजीची लुगडी आणि आजोबांची धोतरे एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवली जाते. बाळाचे पहिले दुपटे अनेकदा मऊ झालेल्या जुन्या सुती लुगड्याचे असते. बारशाच्या कुंचीला जरीचा काठ लावण्याची हौस घरोघरी दिसते. बंगालमध्ये जुन्या साड्या-धोतरांची कांथा होते आणि तिचा दोराही पूर्वी साडीच्या काठातूनच उसवून काढला जाई. पाश्चात्त्य देशांत आईच्या लग्नाच्या पोशाखातून बाळाच्या नामकरणाचा झगा शिवतात. वस्त्र बदलते, पण एका पिढीची ऊब दुसऱ्या पिढीच्या अंगावर घालण्याची इच्छा सर्वत्र सारखीच आहे.

जैन परंपरेने तर कापडाला फार मोठा मान दिला आहे. नवपदाच्या ओळीसारख्या तपाच्या उजमण्यात जरीकामाचे छोड अर्पण करण्याची रीत आहे. गुरुभगवंतांच्या पाटामागे पूठिया आणि वर चंदरवा बांधला जातो. ठाण्याचे नाव श्रीपाल राजा आणि मयणासुंदरीच्या कथेशी, म्हणजे नवपदाच्या आराधनेशीच, जोडलेले असल्याने येथील कुटुंबांना हे वेगळे सांगावयास नको. अहमदाबादच्या साराभाई कुटुंबाने १९४९ साली उभारलेल्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयात जैन परंपरेची अशी वस्त्रे जपलेली आहेत. मात्र येथे एक विवेक पाळावा. अंगावर वापरलेले वस्त्र मंदिराच्या किंवा ज्ञानाच्या उपकरणांसाठी चालते की नाही, हे स्वतःच्या मनाने न ठरवता गुरुभगवंतांना विचारावे. घरच्या आठवणीची वस्तू घरातच शोभते.

कामाला हात घालण्यापूर्वीची पहिली पायरी कात्रीची नाही, संमतीची आहे. जिची साडी ती हयात असेल तर निर्णय तिचाच. तिला चकित करण्यासाठी गुपचूप साडी कापून वाढदिवसाला भेट देण्याची कल्पना कितीही प्रेमळ असली तरी ती करू नये. दुपारच्या वेळी आजीजवळ बसावे, साडी तिच्या मांडीवर ठेवावी आणि तिला बोलू द्यावे. पानेतर मामाकडून आले होते, घरचोळा सासरचा होता, बारा बागांचा की बावन्न बागांचा यावरून कोण काय म्हणाले होते, वरात कोणत्या गाडीने आली, हे सारे त्या एका घडीतून उलगडत जाते. काही घरांत वैधव्यानंतर लाल घरचोळा जो आत गेला तो पुन्हा बाहेर आलाच नाही. त्या आजीला आपल्या घरचोळ्याचा तुकडा नातीच्या अंगावर मानाने मिरवताना पाहता आला, तर त्या शिवणाचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. आणि ती नको म्हणाली, तर साडी पुन्हा मलमलीत गुंडाळून ठेवावी. तिचा शब्द अखेरचा.

दुसरी पायरी पारखण्याची. प्रत्येक जुनी साडी कापण्याजोगी नसते. हातमागावरची सुस्थितीतील पैठणी, खरे पाटण पटोळे किंवा जुने आशावली विणकाम असेल तर त्याला कात्री लावू नये. जाणकाराला दाखवून, घड्या बदलत, बिनखळीच्या सुती कापडात ते अखंड राखावे. साडी अजून नेसता येत असेल तर ती नेसावी, हाच तिचा सर्वांत मोठा सन्मान. विरलेली, चिरलेली, डाग पडलेली साडी मात्र शिवणाला द्यावी.

अशी साडी दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून पाहावी. जेथून प्रकाश झिरपतो तेथे कापड विरलेले असते. त्या जागी कच्चा टाका घालून खूण करावी. कमरेशी खोचला जाणारा आतला भाग बहुधा सर्वांत शाबूत निघतो, तर निऱ्यांचा खालचा काठ सर्वांत झिजलेला. कापण्याआधी साडीचे अखंड छायाचित्र घ्यावे. बांधणीचा लाल रंग पाण्यात उतरू शकतो, म्हणून ओलसर पांढरे फडके कोपऱ्यावर दाबून आधी पाहावे. जुन्या रेशमाखाली धुऊन आटवलेल्या मलमलीचे अस्तर हाताने टाचून घ्यावे, म्हणजे ताण अस्तरावर येतो. दोरा सुती वापरावा, कारण पॉलिस्टरचा चिवट दोरा जुन्या रेशमाला कापतो. इस्त्री मंद आणि वर सुती कापड ठेवूनच. शिलाईबाहेर जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी ‘माया’ म्हणतात. जुन्या रेशमाचे सूत लवकर निसटते, म्हणून येथे ती माया नेहमीपेक्षा अधिक, निदान दीड सेंटिमीटर ठेवावी.

हिशेब मांडून पाहू या. साडेपाच मीटरची साडी आहे आणि चार भावंडे आहेत. एक मीटरचा पदर अखंड ठेवला तर साडेचार मीटर अंग उरते. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे एक मीटर बारा सेंटिमीटर अंग आणि दोन्ही बाजूंचा मिळून सव्वादोन मीटर काठ येतो. अखंड पदर कोणा एकाचा नाही. त्याला अस्तर लावून तो कुटुंबाचा ठेवावा आणि ज्या घरी लग्न असेल त्या घरी जावा. छेडाछेडीच्या वस्त्राला तो जोडता येतो किंवा वधूच्या बाजोठावर अंथरता येतो. अशा रीतीने वाटणीही होते आणि एकत्रपणाची एक खूणही राहते.

वाट्याला आलेल्या कापडाचे काय करावे, हे ज्या त्या घराच्या चालीवर ठरावे. नातीच्या लग्नाच्या ब्लाउजच्या बाहीला किंवा पाठीला आजीचा काठ, बाळासाठी कुंची, नववधूचा बटवा, लग्नाच्या छायाचित्रसंग्रहाचे वेष्टन, सुती घरचोळा असेल तर सामायिकाची उपकरणे नेण्याची पिशवी. दुकानदार घरात आणखी एक वस्तू शोभून दिसेल. दिवाळीच्या चोपडापूजनाला लाल कापडाचा मान असतोच. घरचोळ्याच्या लाल अंगातून शिवलेले चोपड्याचे वेष्टन दरवर्षी नव्या वहीवर चढवता येते. ज्या स्त्रीचे नाव पेढीच्या पाटीवर कधी लागले नाही, पण जिच्या काटकसरीवर पेढी उभी राहिली, तिचे वस्त्र त्या दिवशी पूजेत राहते.

रेशमाविषयी मनात येणारा प्रश्नही टाळू नये. रेशमाच्या एका साडीमागे हजारो कोशेटे उकळलेली असतात, हे जाणून आज अनेक जैन कुटुंबांनी नवे रेशीम घेणे सोडले आहे. घरातले जुने रेशीम वापरावे की नाही, याविषयी प्रत्येक घराचा निर्णय वेगळा असू शकतो. इतके मात्र म्हणता येईल, की आठवणीच्या वस्तूसाठी नव्या रेशमाचा एक धागाही विकत आणण्याचे कारण नाही. अस्तर सुती, दोरा सुती, आणि जे आहे तेवढेच पुरवून वापरायचे. त्याचबरोबर अपरिग्रहाचेही भान राहावे. एका साडीतून वीस उशांचे अभ्रे शिवून ते पुन्हा कपाटात कोंबले, तर एका गाठोड्याची चार गाठोडी झाली, एवढेच. प्रत्येक घरी एकच वस्तू जावी आणि ती हाताळली जाणारी असावी.

शिवण घरीच व्हावे असा आग्रह नको. ठाणे-कल्याणात ब्लाउज शिवणाऱ्या अनुभवी स्त्रिया पुष्कळ आहेत, बचत गटांतूनही सुबक हातशिलाई होते. काम देण्यापूर्वी साध्या कापडावर नमुना शिवून पाहावा, आणि कापणी आपल्या डोळ्यांसमोर व्हावी. उरलेले तुकडे परत मागून घ्यावेत. गोधडीच्या एखाद्या ठिगळाला ते उपयोगी पडतात.

प्रत्येक वस्तूच्या आतल्या बाजूस पांढऱ्या सुती कापडाची छोटी पट्टी लावावी. तिच्यावर रंगीत दोऱ्याने जिची साडी तिचे नाव, माहेरचे गाव आणि लग्नाची तिथी भरावी. नाव नसलेला जरीचा तुकडा दोन पिढ्यांनी पुन्हा बोहारणीच्या गाठोड्यात जातो, कारण तेव्हा तो कोणाचा हे सांगणारे कोणी उरत नाही.

काळाचाही थोडा विचार करावा. पावसाळ्यात जुने रेशीम उघडू नये. चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाली की हवा कोरडी होते आणि ऊन सौम्य असते. तेव्हा गाठोडे उघडावे, साडी सावलीत वारा देऊन दोन दिवस ठेवावी, आणि परगावच्या लेकी-बहिणींना फोन करून विचारावे की त्यांना आईच्या साडीतले काय हवे आहे. अनेक वर्षे न विचारलेला तो प्रश्न कोणीतरी आधी विचारायला हवा, आणि तो विचारण्याचे काम ज्या घराच्या कपाटात साडी आहे त्या घराचे आहे.