म्हणजे कुठले भोसले?

ऑफिसात नवीन मुलगी जॉइन होते. नाव सांगते, भोसले. आपण लगेच विचारतो, ‘म्हणजे कुठले भोसले?’ आपल्यासाठी हा टाइमपास. पण समजा, ती वर्धा जिल्ह्यातल्या पारधी बेड्यावरून आली असेल तर? फासेपारध्यांमध्येही भोसले, पवार, काळे, चव्हाण असतातच. आडनावाआड लपता येतं. प्रश्न असतो तो पुढच्या वाक्याचा. खरं सांगायचं की गप्प बसायचं?

या गप्प बसण्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, बॉस! फास लावून शिकार करणारे, म्हणून फासेपारधी. आज या गावात, उद्या त्या रानात. एका जागी न थांबणारी माणसं इंग्रजांच्या हिशेबात बसेनात. 1871 मध्ये त्यांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. धंदा बापाकडून मुलाकडे जातो तसा गुन्हाही रक्तातून जातो, हे साहेबाचं लॉजिक. 1911 मध्ये तो देशभर लागू करण्याची सोय झाली. ज्या जमातीवर शिक्का बसला, तिच्या माणसांनी पोलिसांकडे हजेरी लावायची, गाव सोडायला पास घ्यायचा. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली अख्खी वसाहत होती. मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायचीही कायद्यात सोय होती. गुन्हा काय? जन्म!

देश 15 ऑगस्ट 1947ला सुटला. हे लोक सुटले 31 ऑगस्ट 1952ला, कायदा रद्द झाला तेव्हा. तोच विमुक्त दिन. पण ‘सराईत गुन्हेगार’ कायद्यांच्या रूपाने जुना संशय मागच्या दाराने परत आला. 2007 मध्ये युनोच्या वंशभेदविरोधी समितीनेही भारताला याबद्दल टोकलं.

वर्धा म्हणजे गांधींचा जिल्हा, त्यामुळे दारूबंदी. पेपरात अधूनमधून हेडिंग येतं, ‘पारधी बेड्यावर वॉश आउट मोहीम’. हातभट्टी गुन्हाच आहे, मान्य. पण दुसरीकडे दारू सापडली तर हेडिंगमध्ये आरोपीची जात येते का? इथे मात्र एकाने भट्टी लावली की सगळा बेडा आरोपी. 1871चं लॉजिक, फक्त फॉण्ट नवा.

आता या बेड्यांवरची मुलं शिकतायत. वर्ध्याजवळ रोठा इथे मंगेशी मून यांनी ‘उमेद’ प्रकल्पातून पारधी मुलांच्या राहण्याशिकण्याची सोय केली. पण शिकलं की खरा पेच सुरू होतो. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात. सर्टिफिकेट दाखवलं तर अॅडमिशन, पण सोबत संशयाची नजर. लपवलं तर शांतता, पण हक्क गेला आणि आजीचं नावही. पणजोबांनी हजेरी लावली पोलिसांसमोर, पणती लावते आपल्यासमोर. कॅण्टीनमध्ये.

3 ऑक्टोबर 2024ला सुप्रीम कोर्टाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातिभेद घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानण्याची वृत्तीही कोर्टाने झोडपली. कागद सुधारतील. कॅण्टीनसाठी कोणतं कोर्ट काढायचं?

तिने जात सांगावी की नाही, हे तिचं ती ठरवेल. तिने सांगितलं आणि त्याच दुपारी कुणाचं पाकीट हरवलं, तर आपली नजर आधी कुणाकडे वळेल, हे मात्र आपल्या हातात आहे.