आशाताईंनी आमचंही दार वाजवावं

मा. ना. आकाश फुंडकर,
कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, तथा पालकमंत्री, अकोला जिल्हा
यांस

महोदय,

आपण खामगावचे, मी अकोल्याची. सॉफ्टवेअरच्या कामात आहे आणि घरूनच काम करते. मागणं आधीच सांगून टाकते. वऱ्हाडात शेतकऱ्याच्या मनाची काळजी घेणारी जी व्यवस्था उभी राहिली, ती त्याच शेतकऱ्याच्या, लॅपटॉपवर राबणाऱ्या, मुलामुलींपर्यंत न्या. आणि हे काम आरोग्य खात्याकडे ढकलू नका, ते कामगार खात्याचं आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गेल्या दशकात 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गोव्याची 'संगाथ' आणि नागपूरची 'प्रकृती' या संस्थांनी तो चालवला, पैसा टाटा ट्रस्टचा होता. गावातलीच माणसं शिकवून तयार केली. त्यांनी लोकांशी झोपेबद्दल, भुकेबद्दल, जीव नकोसा वाटण्याबद्दल बोलायला सुरुवात केली. ज्याला गरज दिसली त्याला समुपदेशकाकडे आणि थोड्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त छापून आले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण कुणाची मदत घेत होते. दीड वर्षानंतर २७ जण घेऊ लागले. नैराश्याचं प्रमाण १४.६ टक्क्यांवरून ११.३ वर आलं. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेला असं सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ टक्के झाले. माणूस दवाखान्यात येईल याची वाट न पाहता मदत त्याच्या ओट्यापर्यंत गेली, म्हणून हे घडलं.

त्याच दशकात, २०१५ मध्ये, राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. अमरावती, अकोला, बुलडाणा तिन्ही त्यात आहेत. आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, घरी येतात आणि शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करतात. आपले वडील भाऊसाहेब २०१६ ते २०१८ या काळात राज्याचे कृषिमंत्री होते, म्हणून शेतकऱ्याच्या मनावरचं ओझं मी आपल्याला वेगळं समजावून सांगत नाही.

आता मूर्तिजापूर, अकोट किंवा दर्यापूरकडचं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. आशाताई ओट्यावर बसून घरच्या कर्त्याशी बोलत आहेत. आतल्या खोलीत, सकाळी अकरा वाजता, त्याची मुलगी झोपली आहे. रात्रभर ती कामावर होती. बापाला विचारलेला प्रत्येक प्रश्न तिलाही लागू पडतो. झोप लागते का? जेवण जातं का? कुणाशी बोलावंसं वाटतं का? पण तिला कुणी उठवून विचारत नाही. पगार चांगला हाय, मंग टेन्शन कायचं, असंच सगळे म्हणतात.

आमच्या भागातून अभियंते बाहेर पडू लागल्याला आता पिढ्या झाल्या. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं, शेगाव आणि बडनेऱ्याची महाविद्यालयं १९८३ ची. आज तालुक्याच्या गावांतसुद्धा अशी घरं आहेत की खरिपाचं कर्ज, बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब, सगळं पुण्याच्या किंवा बंगळूरच्या एका पगारावर चाललं आहे. सोयाबीनचा भाव पडला तरी पोराचा पगार येईल, हा त्या घराचा आधार. २०२५ च्या जुलैत टीसीएसने सुमारे १२ हजार नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा ती बातमी अशा घरांत कापसाच्या भावासारखी वाचली गेली. ज्याच्यावर एवढ्या जणांचा भार आहे, तो घरी सांगणार कसा की मला हे झेपत नाही?

कामाचं स्वरूप सांगते, कारण बाहेरून ते दिसत नाही. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे रात्रीचे साडेदहा. मीटिंग त्यांच्या घड्याळाने लागते, घर आपल्या घड्याळाने चालतं आणि माणूस दोन्हीकडे पुरा पडायला बघतो. ज्या आठवड्यात ऑन-कॉल असतो त्या आठवड्यात झोप लागली तरी कान फोनकडे असतो, कारण सर्व्हर बंद पडायला रात्र-दिवस नसतो. पहाटे तीनला उठून दुरुस्ती केली तरी सकाळची 'स्टँडअप' बैठक चुकत नाही. काही महिन्यांनी मेसेजचा आवाज आला की छातीत धडधड व्हायला लागते, मग सुट्टीच्या दिवशीही होते. चिडचिड घरच्यांवर निघते. मित्रांचे फोन उचलणं बंद होतं. हे सगळं हळूहळू होत असल्यामुळे ज्याचं होतं त्यालाच सर्वांत शेवटी कळतं.

आणि या तासांचा कागद कुठेही नसतो. टाइमशीटमध्ये आठ तास भरायचे, कारण ग्राहकाला बिल आठ तासांचंच जातं. बारा तास काम केलेल्या दिवशीही आठच. उद्या आपल्या खात्याचा अधिकारी तपासायला आला तर त्याला नियमात चाललेलं कार्यालय दिसेल. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. आपल्याकडे मात्र २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला आणि २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी ९० तासांचा.

कंपन्या काहीच करत नाहीत असं मी म्हणणार नाही. योगाचे वर्ग असतात, समुपदेशनाचा फोन नंबर असतो, मन शांत करणारं अ‍ॅप असतं. त्यांचा फायदा झालेले लोक मला माहीत आहेत. पण रात्री साडेदहाची मीटिंग त्यामुळे साडेसातला येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कामाची रचना बदलण्याला आणि व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाला स्थान आहे. ते बदल कंपन्यांकडून करवून घेण्याची ताकद आपल्या खात्यात आहे.

म्हणूनच २०२५ च्या सप्टेंबरमधल्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाने मला फार वाईट वाटलं. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाचे नऊ तास होते, ते दहा करायचं ठरलं; तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ वर नेली; आणि कायदा लागू होण्यासाठीची कामगारांची संख्या १० वरून २० केली. या शेवटच्या बदलाचा अर्थ अकोला-अमरावतीत वेगळा आहे. इथली सॉफ्टवेअरची, बिलिंगची, डेटाची कार्यालयं दहा-पंधरा पोरांची असतात. तीच आता कायद्याबाहेर जातात. शिवाय व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदावरच्या माणसाला हा कायदा लागू होत नाही. आमच्या धंद्यात दोन-तीन वर्षं झाली की कुणीही 'लीड' होतो, हाताखाली माणूस असो वा नसो.

२०२४ मध्ये पुण्यात एका जागतिक कंपनीच्या कार्यालयात काम करणारी २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी गेली. तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. मग कामगार खात्याचे अधिकारी तिथे पोचले, तर त्या कार्यालयाची या कायद्याखालची नोंदणीच नव्हती. आपण मंत्री होण्याआधीची ही गोष्ट, पण खातं तेच आहे. त्या आईने पत्र लिहिलं नसतं तर तपासणी कधी झाली असती?

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची नोंद अमरावतीचं विभागीय आयुक्त कार्यालय २००१ पासून ठेवत आलं आहे. ती नोंद होती म्हणून प्रश्न नाकारता आला नाही. आमच्या धंद्याची अशी नोंद नाही; राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आम्ही खासगी नोकरदारांच्या एकाच रकान्यात जातो.

तर माझं म्हणणं असं. लॉग-इन आणि लॉग-आउटची वेळ प्रत्येक कंपनीच्या यंत्रणेत आपोआप उमटते. तीच हजेरी म्हणून धरावी आणि तपासणीत टाइमशीटऐवजी तीच मागावी. देखरेखीचं पद कशाला म्हणायचं हे माणसाच्या प्रत्यक्ष कामावरून ठरवावं. वीसची अट पुन्हा दहावर आणावी. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, पण कायदा झाला नाही. महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहू नये.

अकोल्यापुरतं तर पालकमंत्री म्हणून आपल्या हातात बरंच आहे. जिल्हा नियोजन समितीचे आपण अध्यक्ष. इथल्या सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. पण ओपीडी सकाळची असते, आणि रात्रपाळीचं माणूस तेव्हा झोपलेलं असतं. आठवड्यातून दोन दिवस दुपारी चार ते सात समुपदेशक बसवा. जागा मानसोपचार विभागाच्या पाटीखाली नको. आपली शहरं लहान आहेत. कुणाची गाडी कुठे उभी होती हे संध्याकाळपर्यंत नातेवाइकांना कळतं आणि लग्नाचं जमत आलेलं स्थळ हातचं जातं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे, तो जागेच्या निवडीतही पाळला जावा. आणि प्रेरणा प्रकल्पातल्या आशाताईंना एवढंच सांगा की घरात नोकरी करणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांनाही विचारा.

हे पत्र माझ्या धंद्यातलं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी: १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी नंबर आहे. रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि घरातल्या एका तरी माणसाला खरं सांगा, पगार किती याच्या आधी झोप किती होते ते.

मंत्रिमहोदय, पुढच्या आढावा बैठकीला अकोल्यात याल तेव्हा आम्हाला अर्धा तास द्या. कार्यालयांतल्या आणि घरून काम करणाऱ्या पाच-सहा जणांना मी घेऊन येईन. त्यांची नावं बाहेर जाणार नाहीत एवढी हमी हवी. वेळ दुपारी तीनची ठेवा. सकाळी आम्ही झोपलेले असतो आणि सातनंतर कामावर.

आपली,
अकोल्याची एक सॉफ्टवेअर कर्मचारी