घरचं बियाणं : सोयाबीनचं चालतं, सरकीचं का नाही?

मृग जवळ आला की घराघरात बियाण्याचा हिशेब सुरू होतो. लातूरकडे सोयाबीन, नांदेडकडे कपाशी. सोयाबीनचं घरचं बी पेरता येतं, मग सरकी का नाही? उत्तर फुलात आहे.

जमिनीतून उगवणाऱ्या वस्तूंतही अल्लाहने जोड्या निर्माण केल्या, असा उल्लेख सूरह यासीनमध्ये (36:36) येतो. फुलात पुंकेसर हा नर भाग, स्त्रीकेसर हा मादी भाग. परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर पडला की त्यातून बारीक नळी निघून खाली बीजांडापर्यंत जाते. तिथे मीलन होऊन बी धरतं.

सोयाबीनमध्ये हे काम बहुधा फूल उमलण्याआधीच, आतल्या आत उरकतं. बाहेरचा पराग क्वचितच शिरतो. म्हणून वाण पिढ्यान्‌पिढ्या जवळपास तसाच राहतो.

संकरित कपाशीचं तसं नाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड 44’ आपल्या वाडवडिलांना चांगला ठाऊक आहे. असं संकरित बी माणसाच्या हातून घडतं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरून तिच्यातले पुंकेसर अलगद काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलातला पराग तिच्या स्त्रीकेसरावर लावायचा. एकेका कळीला हे करावं लागतं आणि बीजोत्पादनाच्या शेतात हे नाजूक काम बहुतेक बायाच करतात. बी महाग पडण्याचं हे एक मोठं कारण.

दोन वाणांचे गुण एकत्र आल्याने पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी येते. तिचीच सरकी पेरली तर पुढच्या पिढीत ते गुण विखुरतात. एक झाड उंच, एक खुजं. एकाला भरपूर बोंडं, दुसऱ्याला मोजकी. पैसे वाचवायला जावं आणि हंगाम हातचा जावा, असं होतं.

तेव्हा कपाशीचं बी दरवर्षी पावतीसह घ्या आणि पिशवीवरचं लेबल जपून ठेवा. सोयाबीनचं मात्र घरचंच तपासा. सरसकट 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल टिकवा. आठवड्याने 70 किंवा जास्त चांगले कोंब दिसले तर बी पेरणीजोगं समजा. दाण्याचं साल पातळ असतं, म्हणून पोती आपटू नका. ही तपासणी घरातली मुलंही आवडीने करतील.